एकाच लॉगिनवर सगळा संसार, पण आधी ही कामं उरका

घरातल्या एका माणसाच्या नावावर आज किती ओळखी आहेत, याची यादी एकदा कागदावर काढून बघा. १२ आकडी आधार, १० अक्षरी पॅन, दवाखान्याच्या खिडकीवर मागतात तो १४ आकडी आभा, शाळकरी मुलांचा १२ आकडी अपार, लायसन्स, मतदार ओळखपत्र, गाडीचा फास्टॅग, मेट्रोचं 'वन पुणे कार्ड', सोसायटीच्या गेटवरचं अ‍ॅप. वर बँका, वीजबिल, गॅस, किराणा, मुलांच्या क्लासचं पोर्टल. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा ठेवा असं दुसऱ्याला सांगणारे आपणच आणि मुलांच्या जन्मतारखांवर सगळं भागवणारेही आपणच.

म्हणून 'गुगलने लॉगिन करा', 'डिजिलॉकरने लॉगिन करा' अशी बटणं दिसली की हायसं वाटतं. ती येत्या काळात वाढतच जाणार आहेत आणि ती वापरावीत, असंच माझं मत आहे. फक्त क्रम चुकवू नये. एका खात्यावर दहा सेवा आल्या की ते खातं दहापट मोलाचं होतं, आपल्यालाही आणि चोरालाही. आधी ते खातं पक्कं करायचं, मग त्याला सेवा जोडायच्या. बहुतेक घरांत नेमकं उलट झालेलं असतं. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. एका रविवारच्या दुपारी घरातल्या दोघा-तिघांचं काम उरकतं.

बटण दाबल्यावर होतं काय

पुण्याच्या हिंजवडी-खराडीत नोकरी करणाऱ्यांना सिंगल साइन-ऑन नवं नाही. सकाळी कंपनीच्या खात्यात एकदा शिरलं की मेल, रजेचा अर्ज, पगारपत्रक सगळं उघडतं. कार्यालयांत अशा कामासाठी वापरलं जाणारं सॅमल २.० हे मानक २००५ सालचं. घरगुती अ‍ॅपवरच्या 'अमक्याने लॉगिन करा' बटणामागे बहुतेकदा ओपनआयडी कनेक्ट हे मानक असतं. ते २०१४ मध्ये आलं आणि २०१२ च्या ओऑथ २.० या परवानगीच्या मानकावर उभं आहे.

कॉलेजच्या बोनाफाईडवर बसचा पास काढला असेल तर ही सगळी यंत्रणा तुम्हाला आधीच समजली आहे. पास देणारा घरी फोन करत नाही, मार्कशीट बघत नाही, कॉलेजच्या शिक्क्यावर विश्वास ठेवतो. बोनाफाईडवर कारण लिहिलेलं असतं आणि ते जन्मभर चालत नाही. तसंच इथेही किराणा अ‍ॅपला तुमचा गुगलचा पासवर्ड कधीच कळत नाही. गुगल त्याला एक टोकन देतं: माणूस तोच आहे, नाव हे, मेल हा, मुदत इतकी.

याचा फायदा असा की किराणावाल्याचा सर्व्हर फुटला तरी तुमचा पासवर्ड तिथे नसतोच. तोटा शिक्का देणाऱ्याच्या बाजूला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकमधून कोट्यवधी खात्यांची टोकनं चोरीला गेली, तेव्हा पासवर्ड कितीही अवघड असला तरी उपयोग नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं, तेव्हा फेसबुकच्या बटणाने इतर ठिकाणी शिरणारेही दाराबाहेर राहिले. शिवाय तुम्ही कुठे कुठे शिरता, हे शिक्का देणाऱ्याला कळत राहतं, ते वेगळंच.

पहिली पायरी: नंबर आणि मेल कुणाच्या नावावर आहेत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण पासवर्ड विसरला की शेवटी ओटीपी येऊन पडतो तो याच दोन ठिकाणी.

संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत ते दिसतं. एका माणसाला देशाच्या बहुतेक भागांत ९ पर्यंत सिम घेता येतात. अनोळखी नंबर दिसला तर 'माझा नाही' असं तिथेच कळवायचं. आपलाच, पण टेबलाच्या खणात पडलेला जुना नंबर दिसला तर आणखी सावध व्हा. रिचार्ज न केलेला प्रीपेड नंबर काही काळाने बंद होतो आणि बंद झाल्यानंतर ९० दिवस उलटले की तो दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. त्या नंबरवर आजोबांची मुदत ठेव जोडलेली असेल, तर ओटीपी नव्या माणसाच्या फोनवर जाणार. नंबर सोडण्याआधी बँक, आधार, पॅन, विमा, मेल या पाच ठिकाणी तो बदलून घ्या.

पेन्शनरांच्या या शहरात आणखी एक पद्धत सर्रास दिसते: आई, बाबा, सासूबाई, सगळ्यांच्या आधारला एकाच मुलाचा नंबर. मुलगा अमेरिकेत आणि आई कोथरूडच्या बँकेत खिडकीसमोर उभी, ओटीपी येतो तिकडे मध्यरात्री. प्रत्येक प्रौढ माणसाचा आपला नंबर असावा, साधा बटणांचा फोन असला तरी चालेल. आधारचा नंबर केंद्रावर बदलता येतो. त्याला कागदपत्रं लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात. पावती सांभाळून ठेवा.

सिमला पिन लावणं हे दोन मिनिटांचं काम कुणीच करत नाही. फोनच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'सिम लॉक' सापडेल. फोन चोरीला गेला आणि चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तर पिनशिवाय ते चालू होत नाही. तीन वेळा चुकीचा पिन टाकला की सिम अडकतं आणि कंपनीकडून ते उघडणारा पक (PUK) कोड घ्यावा लागतो, त्यामुळे पिन लिहून ठेवा.

मेलच्या बाबतीत नियम एकच: खासगी कामाला कंपनीचा मेल नको. नोकरी सुटली की शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो बंद होतो आणि त्यासोबत त्यावर उघडलेली खातीही हातची जातात. स्वतःच्या मेलला पर्यायी मेल आणि चालू नंबर जोडा. गुगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून पासबुकाच्या फाइलमध्ये ठेवा, फोनमध्ये फोटो काढून नको. ज्या फोनशिवाय अडणार, त्याच फोनमध्ये कोड ठेवून काय साधणार? आणि दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं गुगल काढून टाकू शकतं, म्हणून आजींच्या टॅबलेटवरचं खातं अधूनमधून उघडत जा.

दुसरी पायरी: पासकी

पासवर्डची जागा घेणारी गोष्ट आली आहे आणि ती पासवर्डपेक्षा सोपी आहे, हे तंत्रज्ञानात क्वचित घडतं. अ‍ॅपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये पासकीला एकत्र पाठिंबा जाहीर केला. तिच्या मुळाशी असलेलं वेबऑथन हे मानक मार्च २०१९ मध्ये मान्य झालं होतं. पासकी केली की किल्ल्यांची एक जोडी तयार होते. गुप्त किल्ली तुमच्याकडे राहते, उघडी किल्ली संकेतस्थळाकडे जाते. लॉगिन करताना फक्त फोन उघडायचा, बोटाने किंवा चेहऱ्याने. तुमचं बोट किंवा चेहरा फोनबाहेर जात नाही.

खरा फायदा फसवणुकीच्या वेळी कळतो. बँकेसारखंच दिसणारं खोटं पान तुमच्याकडून ओटीपी काढून घेऊ शकतं. पासकी मात्र मूळ पत्त्याशी बांधलेली असते, एका अक्षराने वेगळ्या पत्त्यावर ती पुढेच येत नाही. मोहात पडून द्यायलाही हातात काही नसतं.

आधी मुख्य मेलला पासकी लावा, मग व्हॉट्सअ‍ॅपला. शक्य असेल तर दोन उपकरणांवर करा. जिथे पासकी नाही तिथे कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप, तेही नसेल तर एसएमएस. पैशांच्या व्यवहारातही हीच दिशा आहे. दुसऱ्या टप्प्याच्या खात्रीसाठी एसएमएसखेरीज इतर मार्ग वापरायला वाव देणारे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत. ओटीपी त्याने बंद होत नाही, पण त्याची मक्तेदारी संपते. बँकेचं पान उघडताना पत्ता 'बँक डॉट इन'ने संपतो का, तेही पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना या पत्त्यावर यायला लावलं आहे.

तिसरी पायरी: कुठे कुठलं बटण

पैसा जिथे आहे तिथे कुठलंच परकं बटण नको. बँक, डिमॅट, विमा यांना स्वतंत्र पासवर्ड आणि तो ठेवायचा पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये. बिटवॉर्डनसारखा मॅनेजर फुकटातही चालतो.

केंद्र सरकारच्या अनेक संकेतस्थळांवर 'मेरी पहचान' दिसेल. जुलै २०२२ मध्ये सुरू झालेलं हे राष्ट्रीय सिंगल साइन-ऑन डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय या तिन्ही लॉगिनांना एका छताखाली आणतं. सामान्य माणसाने यातलं डिजिलॉकर धरून ठेवावं, कारण कागदपत्रंही तिथेच आहेत. राज्याचं 'आपले सरकार' पोर्टल २०१५ पासून आहे. उत्पन्नाच्या किंवा अधिवासाच्या दाखल्यासाठी तिथलं खातं वेगळं काढावं लागतं, ते मॅनेजरमध्ये नोंदवा. महापालिकेचा मिळकतकर भरायचा तर मिळकत क्रमांक पुरतो. माझ्या मते सगळ्यात चांगलं लॉगिन ते, जे मागितलंच जात नाही.

खाणं मागवणं, नाटकाची तिकिटं, बातम्या, खरेदी: इथे गुगल किंवा अ‍ॅपलचं बटण खुशाल वापरा. अ‍ॅपलच्या बटणात मेल लपवण्याची सोय आहे. दुकानाला एक बनावट पत्ता मिळतो, तिथून पत्र तुमच्याकडे येतं आणि नकोसं झालं की तो पत्ता बंद करता येतो. बटण दाबल्यावर येणारं परवानगीचं पान मात्र वाचा. नाव, मेल, फोटो इतकं मागणं रास्त आहे. पिझ्झाच्या अ‍ॅपला तुमचे संपर्क किंवा ड्राइव्हमधल्या फाइली हव्या असतील तर मागे फिरा.

एक छोटी पण छळणारी अडचण: एकाच अ‍ॅपवर कधी गुगलने, कधी मोबाईल नंबरने शिरलात की दोन खाती तयार होतात आणि पास किंवा पॉइंट एकात, ऑर्डर दुसऱ्यात. कुठे कुठलं बटण वापरलं याची एक ओळ मॅनेजरमध्ये लिहा.

नंतर झाडलोट. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात इतर अ‍ॅप आणि सेवांच्या जोडण्यांची यादी सापडते. तिथे तीन वर्षांपूर्वी एकदा खेळलेला खेळही बसलेला असतो. जोडणी तोडा, पण जोडणी तोडल्याने त्या सेवेकडचं तुमचं खातं पुसलं जात नाही. म्हणून आधी तिथे जाऊन खातं काढून टाका आणि मग इकडची जोडणी तोडा.

चौथी पायरी: आधार जपून

देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून झेरॉक्सच्या दुकानांची जी चंगळ झाली ती अजून चालू आहे. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पॅनशी आधार जोडणं वैध ठरवलं, पण बँक खातं आणि मोबाईलसाठीची सक्ती रद्द केली. तरी लॉजपासून जिमपर्यंत सगळ्यांना झेरॉक्स हवीच असते. आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये 'झेरॉक्स वाटू नका' असं पत्रक काढलं आणि गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते मागेही घेतलं गेलं. लोकांनी काय समजायचं, हा प्रश्नच आहे. तुम्ही मात्र हे करा.

आधारच्या संकेतस्थळावरून मुखवटा असलेलं आधार उतरवून घ्या. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. लॉजला, जिमला, सोसायटीच्या कार्यालयाला तेच द्या. झेरॉक्स द्यावीच लागली तर त्यावर आडवं 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहून सही करा. मूळ क्रमांक टाकायचा नसेल तिथे १६ आकडी व्हर्च्युअल आयडी वापरता येतो. तो केव्हाही नवा काढता येतो आणि त्यावरून मूळ क्रमांक कळत नाही.

मग बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आधारमधले आपले ठसे आणि चेहरा कुलूपबंद करणं. पुण्यात याची गरज जास्त, कारण इथे भाडेकरार. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी ऑनलाइन होते आणि एजंट ठशाचं यंत्र घेऊन घरी येतो, मालक आणि भाडेकरू दोघांचाही अंगठा घेतो. इतर काही राज्यांत नोंदणीच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांच्या नकला बनवून आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांतून पैसे काढल्याची प्रकरणं पोलिसांनी उघड केली आहेत. लॉक असेल तर ठसा चालतच नाही. करार करायच्या दिवशी आधारच्या अ‍ॅपमधून तात्पुरतं उघडायचं, दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं. एजंट दारात आल्यावर उघडा, तो 'निघालोय' म्हणाला तेव्हा नव्हे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणाऱ्या ज्येष्ठांनीही हे लक्षात ठेवावं. लॉक राहिलं की ठसाही जुळत नाही आणि चेहराही.

तिथेच आधारच्या वापराचा इतिहास दिसतो, मागच्या सहा महिन्यांतल्या नोंदींपर्यंत. अनोळखी नोंद दिसली तर आधारच्या १९४७ या मदत क्रमांकावर फोन करा.

पाचवी पायरी: डिजिलॉकर नीट भरणं

जुलै २०१५ पासूनच्या या सोयीत दोन कप्पे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. 'जारी' कागदपत्रं थेट ती देणाऱ्या सरकारी खात्याकडून आलेली असतात आणि २०१७ च्या नियमबदलानंतर ती मुळाच्या बरोबरीची मानली जातात. तुम्ही फोटो काढून चढवलेला कागद म्हणजे नुसता फोटो. चौकात हवालदाराने लायसन्स मागितलं किंवा रेल्वेत तपासनिसाने ओळखपत्र, तर जारी कप्प्यातलंच दाखवा. लायसन्स, आरसी, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणून ठेवा. नावाच्या स्पेलिंगमध्ये आधार आणि गुणपत्रिकेत फरक असेल तर कागद येत नाही. हे पासपोर्टच्या आदल्या आठवड्यात कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

पुढे काय येतंय

नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं देण्याऐवजी लागेल तेवढंच देणं, ही पुढची दिशा. 'हा माणूस १८ वर्षांवरचा आहे' इतकंच सिद्ध व्हावं, जन्मतारीख कळू नये. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने सदस्य देशांना २०२६ अखेरपर्यंत नागरिकांसाठी असं डिजिटल पाकीट उपलब्ध करायला सांगितलं आहे. आपल्याकडच्या नव्या आधार अ‍ॅपमध्येही निवडक माहिती देण्याची सोय आहे.

पुण्यात याची चव लोहगाव विमानतळावर घेता येते. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरण्याची सोय, इथे २०२३ मध्ये आली. ओळखीचा पुरावा फोनमध्ये राहतो, प्रवासापुरता विमानतळाकडे जातो आणि उड्डाणानंतर २४ तासांत तिथून पुसला जातो, अशी रचना आहे. ती ऐच्छिक आहे. दारात कुणी घाईघाईने नोंदणी करून देऊ लागलं तर ओळखपत्र दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येतं.

कायद्याचं अंगही तयार होतंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि ती पडताळणी डिजिलॉकरसारख्या सेवेतून होऊ शकते. क्लासच्या अ‍ॅपला संमती द्यायची तर आईचं आणि बाबांचं स्वतःचं डिजिलॉकर खातं असायला हवं, दोघांत मिळून एक नव्हे.

शेवटची पायरी: फोन गेला तर, आणि माणूस गेला तर

फोन हरवला की आधी सिम बंद करा, कंपनीच्या दुकानात जाऊन किंवा दुसऱ्या फोनवरून. मग दुसऱ्या उपकरणावरून मुख्य मेलमध्ये शिरून हरवलेल्या फोनचं सत्र संपवा, म्हणजे त्यावरून लॉगआउट करा. बॅकअप कोड इथे कामी येतात. बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर फोन, तास-दोन तासांनी फरक पडतो. पुणे पोलिसांकडे हरवल्याची नोंद ऑनलाइन करता येते. तिची प्रत आणि नवं सिम हाती आलं की संचार साथीवर फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बंद करा. आयएमईआय खोक्यावर असतो, म्हणून खोकं रद्दीत देऊ नका.

दुसऱ्या प्रसंगाबद्दल घरात बोलायला कुणाला आवडत नाही, पण सगळं एका लॉगिनवर असेल तर घरचे अडतात. अ‍ॅपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्या पश्चात खातं बघणारा माणूस, नेमता येतो. डिजिलॉकरमध्येही नामनिर्देशित व्यक्ती ठेवता येते. त्यात उतरवलेली डिमॅट आणि म्युच्युअल फंडांची विवरणं तिला पाहता येतात. गुगलमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था आहे: ३, ६, १२ किंवा १८ महिने हालचाल नसेल तर कुणाला काय द्यायचं ते आधी ठरवून ठेवायचं. विम्याच्या पावत्या आणि सोसायटीची पत्रं त्याच मेलवर येत असतील तर ३ महिन्यांचाच पर्याय निवडा.